एक टँकर पाण्याची उडी

आमच्याकडं शालेय स्पर्धांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकदमच सुरू होतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत स्पर्धा ऐन रंगात येतात, आणि दसरा-दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर इकडची माणसं कोयते घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असते. ट्रॉलीत पत्र्याची पेटी चढते, गोधड्या चढतात, कोंबड्या चढतात आणि त्यांच्यातच माझा आठशे मीटरचा जिल्हा विजेता पाय खाली सोडून बसलेला असतो. विभागीय स्पर्धा पुढच्या आठवड्यात असते. फॉर्म भरलेला असतो, चेस्ट नंबर आलेला असतो आणि पळणारा उसाच्या फडात असतो.

बीड जिल्ह्यात खेळाच्या शिक्षकाची अर्धी नोकरी अशी पोरं थांबवून धरण्यात जाते. हंगामी वसतिगृहं आहेत, आज्या आहेत, चुलते आहेत. पण पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, धडधाकट झाला की प्रश्न राहायच्या जागेचा उरत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा हिशेब. म्हणजे मी बापाकडं जाऊन “पोराला सरावासाठी ठेवा” म्हणतो तेव्हा मी त्याच्याकडं खरं तर अर्धा कोयता मागत असतो. बाप हे बोलून दाखवत नाही. तो चहा मागवतो आणि विचारतो, “सर, पळून पुढं काय भेटतंय?”

ज्या पोराची ही गोष्ट, त्याच्या बापानंही हेच विचारलं होतं. पोरगा मला मैदानावर सापडलाच नव्हता, रस्त्यावर सापडला. पहाटे डांबरी रस्त्यावर अंधारात पळणारी पोरं दिसली की ती भरतीची, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पोलीस भरतीला 1600 मीटर असतं, म्हणून जिल्ह्यातली निम्मी तरुण पोरं 1600 मीटरच पळतात, त्याच्या अलीकडं नाही आणि पलीकडं नाही. या घोळक्याच्या मागं नववीतलं एक पोरगं चपला हातात घेऊन पळायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला मिशा फुटलेल्यांच्या पुढं जायचं. मी बापाला म्हणालो, भरतीला तर तो लागेलच, तोवर माझ्याकडं राहू द्या. भरतीचं नाव निघाल्यावर बाप थोडा सैल झाला. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं, हे मी तेव्हाच सांगून टाकलं. या कामात ज्याला आकडे पाठ नाहीत त्यानं पालकांच्या दारात जाऊ नये.

पोरगं स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडं वळलं, त्याचं कारण उघड आहे. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे स्टीपलचेस पळणाऱ्या अविनाश साबळेचं गाव. त्याचं पोस्टर आमच्याकडच्या अभ्यासिकेत आहे, जिममध्ये आहे, रसवंतीवर आहे. पोस्टरखाली बहुधा एकच मजकूर असतो: आईवडील वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटर लांब, एसटी नाही, पळत शाळेत जायचा आणि पळत पळत ऑलिंपिकला गेला. यातलं काहीच खोटं नाही. पण हे वाचून एक माणूस हमखास उठतो, माइक हातात घेतो आणि म्हणतो, “बघा, याला ना मैदान होतं, ना बूट होते. फक्त जिद्द होती.” बक्षीस समारंभात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की माझ्या कानाला त्याची चाल पाठ झालीय. मैदान का नाही, असं कुणी विचारायच्या आत जिद्दीवर टाळ्या पडतात.

आता सरावाबद्दल. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी. हर्डलसारखे हे अडथळे धक्का लागून पडत नाहीत. पाय लागला तर पळणारा पडतो, अडथळा जागेवरच राहतो. खेळ इंग्रजांचा, त्यामुळं मापं फुटांत सरळ बसतात: तीन फूट उंची, वरच्या लाकडाची जाडी पाच इंच, पाण्याचा खड्डा बारा फूट लांब. गावच्या सुताराला हे एका दमात कळलं. त्यानं बाभळीचा जुना ओंडका रंधा मारून चौकोनी केला, खाली लोखंडी अँगल लावले. चौघांनी उचलला तरच हलतो. आम्ही फक्कीनं दोनशे मीटरचा गोल आखतो, त्यावर तो ओंडका एका जागी ठेवतो, आणि पोरगा त्याच्यावरून जात राहतो. पहिल्या महिन्यात त्याच्या नडग्या निळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात ओंडक्यावर पाय न टेकता जायला लागला.

अडचण पाण्याची. पाण्याचा खड्डा सपाट नसतो. अडथळ्याच्या पायथ्याशी खोल आणि पुढं चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येतो. पळणाऱ्यानं दहा-पंधरा मीटर आधी वेग वाढवायचा, एक पाय लाकडावर ठेवून शरीर पुढं ढकलायचं, दुसरा पाय उथळ पाण्यात टेकवायचा आणि तिसरं पाऊल कोरड्यावर. नवखा पोरगा याच्या उलट करतो. पाणी दिसलं की पावलं मोजायला लागतो, वेग कमी होतो, उडी सरळ वर जाते, तो खोल भागात दोन्ही पायांवर धप्पकन बसतो, आणि गुडघ्यापासून कंबरेपर्यंत सगळं हादरतं. मुरलेल्यांनाही हा खड्डा सोडत नाही. 2025 च्या जुलैत मोनॅकोला डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अविनाश पाण्याच्या उडीलाच पडला आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं.

हे सगळं शिकवायला पाणी लागतं. खड्डा भरायला चार-पाच हजार लिटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढतात तो एक टँकर. टंचाईत खेड्यापाड्यांत माणशी दिवसाला वीस लिटर धरून टँकर पाठवतात. एका टँकरात अडीचशे माणसांचा दिवस निघतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या सालात मी पाण्याच्या उडीसाठी टँकर मागितला असता तर गावानं मला सामानासकट वेशीबाहेर ठेवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. त्यामुळं आमचा खड्डा वाळूचा. नदीची वाळू मिळणं अवघड झालं तेव्हा बारीक मुरूम चाळून टाकला. वाळू पाय धरून ठेवते, पाणी पाय सोडून देतं. वाळूत उडी मारून पोरगा धीट झाला, पण पाण्यावरचं पुढचं पाऊल त्याच्या पायाला माहीतच नव्हतं. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा त्याच्या बुटात पाणी गेलं. तिथं तो सरळ ताकदीवर निघून गेला आणि महाराष्ट्राच्या संघात आला.

राष्ट्रीय ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा 2024 च्या डिसेंबरात भुवनेश्वरला होती, कलिंगा स्टेडियमवर. पोरगा संघाबरोबर पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसनं गेला. सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम असा दीड दिवसाचा प्रवास. मी मागून माझ्या खर्चानं. वैयक्तिक प्रशिक्षकाला गळ्यात ओळखपत्र नसतं, तो प्रेक्षकातच मोजला जातो. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी होत्या. तिकडच्या भातावर हे लेकरू दोन दिवसांत हिरमुसतं, हे मला आधीच माहीत होतं.

कलिंगा स्टेडियम माझ्यासारख्याला नुसतं मैदान नाही. 2017 च्या जुलैत इथंच आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि 12 सुवर्णांसह 29 पदकं घेऊन भारत पहिल्यांदा पदकतालिकेत वरती बसला. महिलांच्या स्टीपलचेसचं सुवर्ण सुधा सिंगनं इथंच घेतलं. आणि पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2018 मध्ये, राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत अविनाश साबळेनं याच मैदानावर 8:29.80 वेळ दिली आणि गोपाल सैनींचा 1981 सालचा 8:30.88 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. 37 वर्षं उभा असलेला विक्रम. आमच्या तालुक्यात त्या दिवशी ज्यांना स्टीपलचेस हा शब्दही म्हणता येत नव्हता त्यांनी पेढे वाटले.

मी आदल्या संध्याकाळी कठड्याला टेकून तो ट्रॅक बराच वेळ बघत बसलो. शेवटच्या वळणावर अविनाश कुठं सुटला असेल, शेवटच्या पाण्याला पाय कसा पडला असेल, असले विचार. एका मराठी माणसानं आत येऊन सेल्फी काढला आणि मलाही काढून देऊ का विचारलं. काढला, खोटं कशाला सांगू. पण पोराला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. धावणाऱ्याच्या डोक्यात शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवढं कमी जाईल तेवढं बरं. इतिहासानं पायाला काही मदत होत नाही, उलट पहिली फेरी फुकटची वेगात जाते. त्याला मी एवढंच सांगितलं की सिंथेटिक ट्रॅक परत ढकलतो, त्यामुळं वेग सोपा वाटेल, फसू नकोस.

सरावाला आत सोडलं तेव्हा तो थेट खड्ड्याशी गेला. बसून पाण्यात हात घातला, तळाचा उतार हातानं चाचपला. मग कठड्यापाशी येऊन विचारलं, “सर, हे पाणी रोज बदलतेत का?”

“माहीत नाही रे.”

“स्पर्धा झाल्यावर काय करतेत त्याचं?”

तेही मला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की पाणी ओतून देतात असं मी म्हणालो असतो तर त्याला रात्री झोप लागली नसती.

सकाळी फडातून आईचा फोन आला. पहाटेच्या तोडीला जायच्या आधी त्यांना रेंज मिळते ती एका टेकाडावर. “झालं का पळून?” असं तिनं विचारलं. त्यानं “नाही, दुपारून हाय” म्हणून सांगितलं. मग दोघंही धाकट्या बहिणीच्या परीक्षेवर बोलले. शर्यतीवर एवढंच. मला ते फार आवडलं. पालकांनी शर्यतीवर जास्त बोललेलं मला कधीच आवडत नाही.

दुपारी तो फोन माझ्याकडं देऊन कॉल रूमकडं गेला. तिथं चेस्ट नंबर तपासतात, बुटाचे खिळे तपासतात, पिशव्या बघतात आणि मग रांगेनं बाहेर काढतात. त्या दारापाशी प्रशिक्षकाचं काम संपतं. क्रिकेटमध्ये पाण्याच्या बाटलीबरोबर निरोप पाठवता येतो, कुस्तीत कोपऱ्यात बसता येतं. आमच्याकडं माणूस स्टँडमध्ये बसतो, हातात स्टॉपवॉच असतं, आणि त्या स्टॉपवॉचचा कुणालाही उपयोग नसतो. अधिकृत वेळ फलकावर येतेच. तरी मी दाबतो. हाताला काहीतरी काम लागतं.

बंदूक वाजली. पहिला अडथळा येईपर्यंत सगळे मोकळे पळतात, आणि त्या मोकळ्या तुकड्यात माझा पोरगा तिसऱ्या क्रमांकावर होता. मी उभा राहून “सोड, सोड, जाऊ दे पुढं” ओरडलो. आजूबाजूच्या उडिया लोकांना वाटलं मी कुणाला शिव्या देतोय. पहिल्या अडथळ्यालाच मला समजलं की आमच्या सरावात आणखी एक गोष्ट कधीच नव्हती. गर्दी. आमच्याकडं ओंडका एक आणि पळणारा एक. इथं पंधरा-वीस जण एकाच लाकडावर एकदम चढतात, पुढच्याच्या पाठीमुळं लाकूड दिसतच नाही, शेवटच्या क्षणी दोन पाठी बाजूला होतात आणि तीन फुटी लाकूड छातीवर आल्यासारखं येतं. तो डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, कुणाचा तरी कोपर लागला. वेळ गेलाच, पण त्याहून जास्त जीव गेला. तिसऱ्या फेरीपासून तो घोळक्याच्या बाहेरून पळायला लागला. जास्त अंतर पडतं, पण लाकूड दिसतं. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. तिथंच पळता पळता त्याला सुचलं.

पाणी दर फेरीला चौथा अडथळा असतो. पहिल्या तीन उड्या ठीक गेल्या. चौथ्या वेळी त्यानं पावलं मोजली. मला स्टँडमधून ते मोजणं दिसलं, एक छोटं, मग अजून एक छोटं, आणि मग दोन्ही पाय खोल भागात. हात टेकले, तोंडापर्यंत पाणी उडालं. चारजण त्याच्या बाजूनं गेले. उठून तो परत लागला तेव्हा बूट जड झालेला लांबूनही कळत होता, टाच उशिरा उचलली जात होती. उरलेल्या तिन्ही उड्या त्यानं नुसत्या जिद्दीवर काढल्या. पोस्टरवाल्या जिद्दीवर. आणि मी स्टँडमध्ये बसून विचार करत होतो की हीच ताकद त्याला शेवटच्या फेरीत वापरता आली असती, ती त्यानं पाण्यातून उठण्यात खर्च केली.

शेवटच्या फेरीत दोघांना मागं टाकलं. पहिल्या आठात नव्हता. स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा मात्र चांगली वेळ आली, आणि तीही एक डुबकी मारून. बाहेर आला तेव्हा ओठ निळे, मोजे पिळत होता. “लई गार व्हतं पाणी” हे पहिलं वाक्य.

संध्याकाळी भाकरी-चटणी खाताना मग त्याला सगळं सांगितलं. हा ट्रॅक, 2018, सैनी, 37 वर्षं. आठ मिनिटं तीस पॉइंट अठ्ठ्याऐंशी, आणि आठ मिनिटं एकोणतीस पॉइंट ऐंशी. त्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली.

“म्हणजे एक सेकंदच की सर. मग 37 वर्षं सगळे काय करायले होते?”

मला हसू आलं, पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण त्याच्या पुढची वजाबाकी मी बऱ्याचदा केलेली आहे. 2018 मध्ये 8:29.80 देणाऱ्या अविनाशनं 2024 च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 दिली. सहा वर्षांच्या आत जवळपास वीस सेकंद. मधल्या काळात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 आणि रौप्य, केनियाच्या अब्राहम किबिवोतच्या मागं फक्त पाच शतांश सेकंद. 1998 पासून त्या शर्यतीतलं प्रत्येक पदक केनियात गेलं होतं. मग हांग्झोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी.

एका सेकंदाला 37 वर्षं आणि वीस सेकंदांना सहा वर्षं. माणूस मांडव्याचाच, आईबाप तेच, जिद्द तीच. बदललं काय? बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या 5 महार बटालियनमध्ये. सियाचीनला ड्यूटी केली. धावायला त्यानं खऱ्या अर्थानं सुरुवात केली ती सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून. म्हणजे तीन वेळचं मोजून जेवण, पायात बूट, वर प्रशिक्षक, दुखलं तर डॉक्टर. नंतर राष्ट्रीय शिबिर, उंचावरचा सराव, परदेशातल्या शर्यती, जिथं आपल्यापेक्षा वेगवान दहाजण पुढं पळत असतात आणि लाकूड दिसत नाही. दुष्काळानं त्याला घडवलं असतं तर आमच्या तालुक्यात आतापर्यंत शंभर साबळे झाले असते. दुष्काळाची आमच्याकडं कधीच कमतरता नव्हती.

हे मी पोराला एवढं सगळं बोललो नाही. “बूट, खाणं आणि सोबत पळणारे” एवढंच म्हणालो. त्यानं मान हलवली आणि सांगितलं, उत्तर प्रदेशातल्या पोरांकडं तरी पाण्याचा खड्डा आहे का, ते मी विचारलं. त्याच्या खोलीत त्यांचा एकजण होता. त्यांच्याकडंही नाही म्हणे, कालव्याच्या कडेला लाकूड टाकून उड्या मारतात. पण त्यांच्याकडं कालव्याला पाणी असतं, असं पोरगं मिस्कीलपणे म्हणालं.

परत आल्यावर सत्कार झाला. मी बोलताना जिद्दीचं नाव न घेता टँकरचा हिशेब सांगितला, त्यावर टाळ्या पडल्या नाहीत. नंतर एका गृहस्थांनी आश्वासन दिलं की क्रीडा संकुल झालं की खड्डा होईल. संकुलाच्या पाटीवरचा रंग उडालाय, त्यामुळं मी त्याच्यावर फार विसंबलो नाही. एका पालकाचं शेततळं मैदानापासून जवळ आहे. पावसाळ्यात ते भरतं, ऑगस्ट-सप्टेंबरात तर काठोकाठ असतं. त्याच्या खालच्या बांधाला बारा फुटांचा खड्डा काढायचा, आत प्लास्टिक अंथरायचं, पाइपनं पाणी सोडायचं. आठवडाभर उड्या मारायच्या आणि मग तेच पाणी खाली कपाशीला. शेतकरी आधी नको म्हणत होता, पाणी शेवटी पिकालाच जातंय म्हटल्यावर तयार झाला. खताच्या गोण्या भरून उतार केला. पोरांनी दोन दिवसांत माती उपसली. तळ अजून एकसारखा नाही, पाय मुरगळायची भीती आहे, म्हणून सध्या मी खोल भागावर दोरी बांधून ठेवतो. पाण्याची उडी आता पावसाळ्यात शिकवायची, ऊस सुरू व्हायच्या आधी. आमच्या हंगामाला हेच वेळापत्रक जमतं.

पोरगा भरतीचीही तयारी करतोय आणि मी त्याला अडवत नाही. त्याच्या बापानं यंदा उचल कमी घेतली, त्यामागं त्याचा हिशेब काय आहे ते मी विचारलं नाही. सुताराकडं मात्र नवा ओंडका टाकलाय, अडीच फुटी, मुलींच्या मापाचा. पोराची धाकटी बहीण दहावीत आहे. दम चांगला आहे, टाच छान मागं जाते, पण पळताना सारखी वळून मागं बघते. ती सवय आधी मोडायला लागेल.